हेड फेस केल्यापासून जिप्सी गरम व्हायलीय, नेमकं कुठं बघावं?

गंगापूरची_जिप्सी
रामराम मंडळी. ९७ ची जिप्सी किंग हाय माझ्याकडं, १.३ पेट्रोल, कार्बोरेटरवाली. वडलांनी घेतलेली गाडी, जीव लई हाय तिच्यावर. फेब्रुवारीत दोन नंबरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह लीक निघाला म्हणून इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं, आणि उतरवलंच हाय तर काम मनासारखं करून घ्यावं म्हणलं. पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) मोकळे केले, वॉल्व्ह टेकतो त्या सीट तीन अँगलच्या कापल्या, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून हेड ०.८ मिमी फेस केलं, म्हणजे खालून तेवढं घासून घेतलं. हेड पॅकिंग नवीन, बोल्ट नवीन, पाणी पंप बी नवीन.

गाडी ओढायला लई भारी झाली ह्यात वाद नाही. पण तापमानाचा काटा! आधी मधल्या रेषेच्या एक बोट खाली राहायचा, आता साठच्या स्पीडला सपाट रोडवर बी रेषेच्या वर. आणि मागल्या आठवड्यात चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना काटा लाल पट्टीला टेकला, दोनदा गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसलो. मिस्त्री म्हणतोय "पावर वाढली म्हणजे गरमी वाढणारच, ते कामाचं लक्षण हाय". मला काही हे पटेना. ज्यांनी हेडची कामं करून घेतलीत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

परभणी_एक्सप्रेस
थर्मोस्टॅट, ते पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारं झाकण, काढून फेका. तीन गाड्यांचे काढलेत मी. परभणीच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला पाहिजे, ते थंड देशातल्या गाड्यांसाठी असतंय.

नांदेडी_बुलेट
०.८ फेस केल्यावर गरम होणारच ना राव. कॉम्प्रेशन वाढलं की गरमी वाढली. माझ्या जुन्या बुलेटचं हेड फेस केलं होतं तर दोन महिन्यात पिस्टन धरला. जाड पॅकिंग टाका अन् मोकळे व्हा.

जालना_ट्रॅक्टर
मे महिन्यात मराठवाड्यात माणसाचं डोकं तापतंय भाऊ, जिप्सीचं तर अल्युमिनियमचं हाय :) मजा बाजूला, पण पाणी कोणतं टाकलंय आधी ते सांगा. बोअरचं असेल तर पुढचं बोलायची गरजच नाही.

वाळूज_लेथ
मी बावीस वर्षं हेडचीच कामं करतोय, रोज दोन-तीन हेड हातातून जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

आधी ०.८ ला एवढं घाबरायचं का ते बघू. ह्या इंजिनचा बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ३२४.७ सीसी. कंपनीचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४०.६ सीसी. ०.८ मिमी घेतल्यावर चेंबरच्या तोंडाच्या मापानं अंदाजे ३ सीसी गेले, राहिले ३७.६. कॉम्प्रेशन झालं ९.६ च्या आसपास. ९ वरून ९.६. एवढ्यानं गाडी लाल पट्टीला जात नसते.

आता मला हे सांगा. (१) गरम नेमकी कधी होते, उभ्यानं, साठला का फक्त घाटात? (२) काटा सोडून दुसऱ्या कशानं तापमान मोजलंय का? (३) पाणी कमी होतंय का? (४) हेड बसवल्यावर पाण्यातली हवा कशी काढली? (५) टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, कशानं सेट केलं, टायमिंग लाइट लावून का कानानं?

पाचवा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. पण ह्या इंजिनात प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, आपल्याकडं डेल्को म्हणतात ते, कॅमशाफ्टवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर फिरतं. हेड फेस केलं की कॅम क्रँकच्या ०.८ मिमी जवळ आला. बेल्टचा ढिलेपणा टेन्शनर खाऊन टाकतो, पण कॅम तेवढा मागं पडतो. पुली १२ सेंटीमीटरची धरली तर क्रँकवर दीड अंश. एकटा दीड अंश काही फार नाही, पण त्याच्यावर कोणी कानानं टायमिंग मागं घेतलं (ठिणगी उशिरा केली) असेल तर बेरीज होते.

परभणी_एक्सप्रेस
लेथवाले दादा तुमचं बरोबर असेल पण माझ्या तीन गाड्या आजपर्यंत गरम झाल्या नाहीत. जगात जर्मनी भारतात परभणी, आम्ही करून बघितलेलं सांगतो.

मांजराकाठची
लातूरला डिप्लोमाच्या मुलांना इंजिन शिकवते, म्हणून दोन गोष्टी बोलते, राग मानू नका.

थर्मोस्टॅटबद्दल. बऱ्याच इंजिनांत तो बंद असतो तेव्हा बायपासची वाट उघडी असते आणि तो पूर्ण उघडला की बायपास बंद होतो. तुम्ही तो काढून टाकला की दोन्ही वाटा कायम उघड्या. काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरत राहतं. सकाळी गाडी गरम व्हायला वेळ, ऑइलमध्ये गाळ, रिंगा झिजणार, आणि खरा भार आला की घाटात ती तरीही गरम होऊ शकते. "पाणी जोरात पळतं म्हणून रेडिएटरला थंड करायला वेळ मिळत नाही" असंही एक कारण लोक सांगतात, ते चूक आहे. पाणी जास्त फिरलं तर उष्णता जास्तच निघते. नुकसान होतं ते बायपासमुळे.

आता "पावर वाढली म्हणजे गरमी". ढोबळ हिशोब असा की पेट्रोलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश चाकाकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून, एक तृतीयांश पाण्यात. घाटात पूर्ण पाय दाबून तुम्ही खरंच दहा टक्के जास्त पावर काढत असाल तर पाण्यात उष्णताही तेवढी जास्त जाईल, हे मान्य. पण सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला गाडीला लागणारी पावर हेड करण्याआधी जेवढी होती तेवढीच आज आहे. वारा तोच, टायर तेच, वजन तेच. कॉम्प्रेशन वाढल्यावर उलट त्याच कामाला पेट्रोल थोडं कमी लागायला हवं. मग साठला काटा वर का? दादांनी स्वतः लिहिलंय की सपाट रोडलाही वर आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच आहे, आणि मिस्त्रींच्या उत्तरात तो बसत नाही.

नांदेडी_बुलेट
ताई मग माझा पिस्टन कशानं धरला?

मांजराकाठची
@नांदेडी_बुलेट तुमच्या गाडीत बहुतेक नॉकिंग, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप एकदम पेटणं, होत असणार. नॉकिंग झालं की ज्वाळा आणि धातू यांच्यामधला वायूचा पातळ थर, जो एरवी धातूला वाचवतो, तो झटक्यांनी निघून जातो आणि उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते. आणि ती हवेवर थंड होणारी गाडी, तिला पाण्याचा आधार नाही. कॉम्प्रेशन वाढल्यानं नॉकिंगची शक्यता वाढते हे तुमचं बरोबरच आहे. पण मधली पायरी नॉकिंगची आहे. ते होत नसेल तर नुसतं ९.६ काही करत नाही.

नांदेडी_बुलेट
हां, टिकटिक आवाज यायचा चढाला. तेव्हा वाटलं टॅपेट हाय.

धारूरकर
पाण्याचं कोणी विसरू नका. आपल्याकडं काळा पाषाण, बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तोच हेडच्या आतून बसतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली आमच्याकडं बी टँकरचं कसलंही पाणी यायचं अन् गाडीत बी तेच जायचं. नंतर रेडिएटर उघडून घेतला तर नळ्या अर्ध्या बुजलेल्या. आता फक्त डिस्टिल्ड वॉटर अन् कुलंट, अर्धं अर्धं.

अजून एक, पाया पडून सांगतो, गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. धारूरच्या घाटात मी फडकं टाकून उघडलं होतं. फडक्यासकट वाफ आली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी पडली, दोन दिवसांनी सायीसारखी निघून आली. अजून त्या जागी केस उगवत नाहीत.

मांजराकाठची
धारूरकर भाऊंनी सांगितलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवा. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं म्हणजे आत तेवढा जादा दाब असतो, त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तुम्ही झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ११० अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन बाहेर येतं. म्हणूनच झाकणाचं रबर खराब असेल तर गाडी "पाणी फेकते". त्यात काही गरम होण्याचाच दोष असतो असं नाही.

घाटमाथा_कन्नड
आमच्या दारातला घाट हाय हो हा औट्रम. २०२३ पासून अवजड गाड्यांना बंद केल्यामुळं आता बराच मोकळा, नाहीतर आधी ट्रकच्या मागं पहिल्या गियरात चढताना चांगल्या चांगल्या गाड्या उकळायच्या. गंगापूरवाले दादा, मोकळ्या घाटात तुमची जिप्सी गरम होत असेल तर काहीतरी नक्की चुकलंय. माझी पण जिप्सी हाय, हेड कंपनीचंच, काटा हलत नाही.

गंगापूरची_जिप्सी
सगळ्यांचे आभार. उत्तरं देतो. पाणी डिस्टिल्ड अन् हिरवं कुलंट, बोअरचं नाही. पाणी कमी होत नाही. उभ्यानं गरम होत नाही, चालवताना होते. हवा काढली का माहीत नाही, मिस्त्रीनं पाणी भरलं अन् झाकण लावलं एवढं बघितलं. टायमिंग कानानं. मी समोरच होतो, डेल्को हातानं फिरवत "आता बसलं" म्हणला.

वाळूज_लेथ
मग कामाला लागू. घाईनं काहीच बदलू नका, एकेक गोष्ट बघत चला.

पहिलं हवा. गाडी चढावर लावा, तोंड वर. थंड असताना झाकण काढा, हीटर असेल तर गरमवर टाका. आपल्याकडं बरेच जण हीटरचे पाईप काढून एकमेकांना जोडून टाकतात, तसं असेल तर तिथंच हवा अडकून बसते. चालू करून तसंच राहू द्या, थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जाईल, तेवढं भरा, फुगे थांबेपर्यंत. पाणी वर यायला लागलं की झाकण लावून घ्या, उशीर करू नका.

फुगे थांबलेच नाहीत तर दुसरी शंका, पॅकिंगमधून सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय. त्याला निळ्या द्रवाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची, निळ्याचं पिवळं झालं तर वायू हाय. संभाजीनगरात बऱ्याच जणांकडं ते किट मिळतं.

तिसरं, मोजमाप. इन्फ्रारेड गन घ्या, पण चकचकीत अल्युमिनियमवर ती नेहमी कमी दाखवते. काळी टेप चिकटवा, टेपवर मोजा. थर्मोस्टॅटच्या तोंडावर, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर. तिन्ही आकडे द्या, बाहेरचं तापमान पण द्या. फेब्रुवारीतली गाडी अन् मेतली गाडी ह्यांची तुलना करू नका. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बाहेर दहा अंश वाढले तर पाणी बी जवळजवळ दहा अंश वाढतं.

अन् हेड पॅकिंग उलटं बसलंय का हा प्रश्न मी मुद्दाम नंतर ठेवलाय, कारण त्याला हेड परत उतरवावं लागतं. तुमच्या मिस्त्रीला विचारा, वरची बाजू बघून लावलं होतं का. उलटं लागलं तर पाण्याची काही भोकं झाकली जातात. माझ्याकडं असं एक हेड आलं होतं, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला वॉल्व्हच्या सीटमधे केसासारखी चीर, बाकी तिन्ही एकदम स्वच्छ.

परभणी_एक्सप्रेस
लेथवाले दादा, हे सगळं करण्यापेक्षा मोठा रेडिएटर टाकला तर? तीन कोअरचा मिळतोय.

वाळूज_लेथ
@परभणी_एक्सप्रेस भाऊ, कंपनीचा रेडिएटर ह्याच उन्हात पंचवीस वर्षं पुरला. अचानक फेब्रुवारीत तो लहान झाला का? मोठा रेडिएटर टाकून काटा खाली येईल, मान्य, पण आत जे चुकलंय ते तसंच राहील अन् वॉल्व्ह जाळेल. मला तर लोक आधी रेडिएटर घेतात अन् मग सहा महिन्यांनी जळालेले वॉल्व्ह घेऊन येतात, ह्याचंच वाईट वाटतं.

जालना_ट्रॅक्टर
सीट तीन अँगलच्या केल्यात म्हणले ना. किती रुंद ठेवल्या? आमच्याकडं एकानं रेसवाल्यासारख्या धारदार सीट केल्या अन् एक्झॉस्ट वॉल्व्ह पापडासारखे जळाले.

वाळूज_लेथ
चांगला मुद्दा. एक्झॉस्ट वॉल्व्हची बहुतेक उष्णता, तीन चतुर्थांशाच्या आसपास, सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. सीट बारीक केली की हवा जास्त जाते पण वॉल्व्ह तापतो. रस्त्यावरच्या गाडीला एक्झॉस्टची सीट दीड मिमीच्या आसपास ठेवावी, इनटेकची थोडी बारीक चालते. पण बारीक सीटनं वॉल्व्ह जळेल, पाण्याचा काटा एवढा चढणार नाही.

गंगापूरची_जिप्सी
रविवारी अख्खा दिवस घातला. बायको म्हणली गाडीलाच जेवायला वाढते.

हवा काढली, थोडे फुगे आले, नंतर थांबले. तीनेकशे मिली पाणी बसलं. निळी टेस्ट केली, निळंच राहिलं. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळून बघितला, ८२ लिहिलेला, ८२ लाच उघडायला लागला, पूर्ण उघडला. मग बाहेर ४१ असताना लासूरच्या रोडला वीस मिनिटं साठनं चालवली, थांबवली, लगेच टेपवर मोजलं. थर्मोस्टॅटच्या तोंडावर ९९. रेडिएटरची वरची टाकी ९७, खालची ८९.

मांजराकाठची
हे आकडे खूप कामाचे आहेत. वर-खाली आठ अंशांचा फरक, म्हणजे पाणी नीट फिरतंय. पाणी अडलं असतं तर फरक पंधरा-वीसचा आला असता. पंप ठीक, थर्मोस्टॅट ठीक, पॅकिंगमधून वायू नाही. आता दोनच गोष्टी उरतात. एकतर रेडिएटरमधून वारा कमी जातोय, नाहीतर इंजिन पाण्यात आधीपेक्षा जास्त उष्णता टाकतंय. दुसऱ्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ठिणगी उशिरा पडणं. मिश्रण उशिरा पेटलं की पिस्टन खाली जात असतानाही जळत राहतं, त्यातून काम निघत नाही, आणि एक्झॉस्टचा वॉल्व्ह उघडला की पेटता वायू पोर्टमधून जातो. पोर्टच्या चारही बाजूंनी पाणीच आहे.

घाटमाथा_कन्नड
दादा रात्री अंधारात बॉनेट उघडून मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाईप) बघा. इंजिन दोन हजार आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरून ठेवा.

गंगापूरची_जिप्सी
@घाटमाथा_कन्नड आत्ताच बघून आलो. अंगणातला बल्ब बंद केला अन् बघितलं तर मॅनिफोल्ड डाळिंबी लाल. चौथ्या सिलिंडरच्या वळणावर जास्त. वडील बाजूला उभे होते, म्हणले "हे असं कधीच नव्हतं रे". लई वाईट वाटलं.

वाळूज_लेथ
सापडलं. उद्या टायमिंग लाइट आणा कोणाकडून तरी. आधी डेल्कोचा व्हॅक्यूमचा बारीक पाईप काढून त्याचं तोंड बुजवा, मग आयडलला मार्क बघा. मग पाईप लावून पंधराशेवर परत बघा, मार्क पुढं सरकतो का.

अंबडकर_काका
पद्मिनीच्या काळात आम्ही सगळेच कानानं टायमिंग करायचो बाबांनो. चढाला आवाज आला की थोडं मागं. पण तेव्हा पेट्रोल हलकं होतं अन् कॉम्प्रेशन बी कमी. मिस्त्रीला एकदम दोष देऊ नका, त्यानं ०.८ फेस केलंय म्हणून नॉकिंगला भिऊन मागं घेतलं असणार. भीती बरोबर होती, माप चुकलं.

गंगापूरची_जिप्सी
काका, अगदी तसंच निघालं. आज वैजापूरच्या एका मित्राकडून लाइट आणला. पुस्तकात दिलंय त्यापेक्षा मार्क सात-आठ अंश मागं. अन् ऐका, व्हॅक्यूमचा पाईप लावून मार्क हललाच नाही. पाईप कार्बोरेटरपासून काढून बघितला तर आत छोटा स्क्रू घालून बुजवलेला! मिस्त्रीला फोन केला, म्हणला "घाटात टिकटिक करत होती म्हणून बंद केला". म्हणजे मुद्दाम केलं त्यानं. चिडलो नाही, पण सांगायला पाहिजे होतं.

मांजराकाठची
सपाट रस्त्याचं कोडं इथं सुटलं बघा. व्हॅक्यूमचं ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणं) काम करतं ते पाय हलका असताना, म्हणजे नेमकं सपाटावर साठला. हलक्या भाराला मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर लागते. तो पाईप बुजवला की साठला टायमिंग बरंच मागं. घाटात पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम तसाही जवळजवळ शून्य, तिथं त्या पाईपचा संबंधच नाही. घाटातली टिकटिक पाईप बुजवून जाणारच नव्हती. घाटात गरम होण्याला मूळचे सात-आठ अंश कारण आहेत.

धारूरकर
आता टिकटिक कशानं होती ते बी बघा. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आलंय. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागायची, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येतं ते भोक) तोच राहिला तर मिश्रण सात-आठ टक्के विरळ होतं. २००० च्या आधीच्या कार्बोरेटर गाड्यांना हे सोसावंच लागतंय. प्लग कसे हायत?

गंगापूरची_जिप्सी
@धारूरकर प्लग खडूसारखे पांढरे, म्हणजे मिश्रण विरळच. मेन जेट एक नंबर मोठा आणायला सांगितलाय.

नांदेडी_बुलेट
ई-२० नं नॉकिंग होतंय हे खरं का मग? माझा मित्र म्हणतो त्यात ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होण्याचा गुण, जास्त हाय.

मांजराकाठची
मित्राचं बरोबर आहे, ई-२० चं ऑक्टेन ९५ आहे, पूर्वीच्या साध्या ९१ पेक्षा जास्त. म्हणून ९.६ कॉम्प्रेशन त्याच्यावर चालायला हरकत नाही. पण विरळ मिश्रणानं तो फायदा खाल्ला जाऊ शकतो. जेट बरोबर केला की ऑक्टेनचा फायदा मिळेल.

परभणी_एक्सप्रेस
मी एका गाडीत थर्मोस्टॅट परत टाकून बघतो. सकाळी गाडी गरम व्हायला लई वेळ लागतो हे खरं हाय, अन् चोकवर जास्त पळवावी लागते. आधी कधी जोडलंच नव्हतं डोक्यात.

गंगापूरची_जिप्सी
शेवटचे आकडे. टायमिंग पुस्तकाप्रमाणं केलं, पाईपातला स्क्रू काढला, जेट बदलला. तोच लासूर रोड, तेच साठ, बाहेर ४२. थर्मोस्टॅटच्या तोंडावर ९० ते ९१. रात्री मॅनिफोल्ड काळाच.

मग घाटात गेलो. तिसऱ्या गियरात अर्ध्या चढावर हलकी टिकटिक आली, थांबून दोन अंश मागं घेतलं, गेली. काटा मधल्या रेषेपर्यंत आला, वर गेला नाही. पण वर पोहोचल्यावर मोजलं तर १०२. सपाटाच्या मानानं मला जास्त वाटतंय. काय म्हणता?

घाटमाथा_कन्नड
फोटो टाका ना पुढून रेडिएटरचा.

घाटमाथा_कन्नड
दादा, फोटो बघितला!! फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं कुठं हाय?? फॅन उघडाच फिरायलाय. घाटात स्पीड तीस-चाळीस, वारा सगळा फॅनच ओढतो, कडं नसलं की तो रेडिएटरमधून न ओढता बाजूची गरम हवाच गोल फिरवतो.

गंगापूरची_जिप्सी
हेड काढताना काढलं होतं. मिस्त्रीच्या माळ्यावर सापडलं, धुळीत, वर कोंबडीनं घरटं केलं होतं. दोन कान तुटलेले, पत्र्याच्या पट्ट्या लावून बसवलं. आज परत घाट, संध्याकाळी बाहेर ३९, वर ९५. वडील पुढं बसले होते, पूर्ण घाटभर काट्याकडंच बघत होते. वर आल्यावर म्हणले, "आता बरी हाय".

जालना_ट्रॅक्टर
कोंबडीला बी सावली मिळाली म्हणायचं :) अभिनंदन दादा.

नांदेडी_बुलेट
मी अजून बी म्हणतो, कॉम्प्रेशन वाढवताना जपून. पण जाड पॅकिंग टाका म्हणलो ते मागं घेतो.

बीड_एस्टीम
नवीन हाय इथं, सगळा धागा वाचला. माझी ९९ ची एस्टीम, तिला पण हेड फेस करून पोर्ट करायचा विचार हाय, गाडी मांजरसुंब्याच्या घाटात उचलत नाही. करू का नको?

वाळूज_लेथ
@बीड_एस्टीम आधी आहे त्या हेडवर कॉम्प्रेशन मोजा, टायमिंग लाइट लावा, प्लगचा रंग बघा. बरीच "उचलत नाही" तिथंच निघते. त्यानंतर करायचंच ठरलं तर वाकलेलं सरळ करण्यापुरतंच फेस करा, जास्त घेतलं तर किती मिमी घेतलं ते लिहून ठेवा अन् हेड बसवल्यावर त्याच दिवशी टायमिंग मोजून घ्या. अन् काम करण्याआधी आजच्या उन्हात घाटात काटा किती जातो त्याचा फोटो काढा. नंतर तुलना करायला तेवढाच आधार राहतो.

गंगापूरची_जिप्सी
@बीड_एस्टीम मी आता स्वतःचा टायमिंग लाइट घेतलाय. गंगापूरकडं आलात तर घेऊन जा, आठ दिवस ठेवा. फक्त बॅटरीचे चिमटे उलटे लावू नका अन् वायर फॅनपासून लांब धरा.